तुम्ही विचारलेत म्हणून : हिरव्या वृक्ष-अजगराच्या पिल्लांसाठी रॅक

मी अमेरिकेत राहतो आणि हिरवे वृक्ष-अजगर पाळतो, हे माहीत असलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘अंडी फुटायला आली आहेत, पिल्लांसाठी कोणता रॅक घेऊ?’ बहुतेकांना एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. ते मी सांगत नाही, कारण येथे तयार मिळणारे बरेचसे रॅक बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक यांसारख्या जमिनीवर राहणाऱ्या सापांसाठी बनवलेले असतात. त्यांत कपाटातल्या खणांप्रमाणे प्लास्टिकचे टब सरकवलेले असतात, टबाला झाकण नसते, वरची फळीच झाकणाचे काम करते आणि ऊब बहुधा तळातून दिली जाते. दांडीवर वेटोळे घालून बसणाऱ्या पिल्लाला यातील काय चालेल आणि काय बदलावे लागेल, एवढेच पाहायचे असते.

आधी एका आक्षेपाचे उत्तर देतो. झाडावरच्या सापाला वीतभरही उंची नसलेल्या टबात ठेवणे क्रूरपणाचे नाही का, असे पुष्कळजण विचारतात. मोरेलिया विरिडिस या शास्त्रीय नावाने ओळखला जाणारा हा साप न्यू गिनी, आसपासची काही बेटे आणि ऑस्ट्रेलियाचे केप यॉर्क द्वीपकल्प येथील पर्जन्यवनांत आढळतो. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे असते आणि त्याचा रंग हिरवा नव्हे, तर पिवळा किंवा विटकरी-तांबडा असतो. केप यॉर्क येथील अभ्यासात असे दिसून आले आहे, की ही पिल्ले जंगलाच्या कडेला, जमिनीपासून फारशा उंचीवर नसलेल्या झुडपांत, दिवसा लहानसहान भक्ष्य टिपतात आणि लांबी साधारण ५३ ते ६० सेंटिमीटर झाल्यावर रंग बदलून वरच्या छताकडे वळतात. म्हणजे या वयात त्यांना उंचीपेक्षा आडोसा आणि बारीक काटक्या यांची गरज अधिक असते. माझ्या मते पिल्लांसाठी रॅक योग्यच आहे. मोठ्या सापाला मात्र जन्मभर त्यात कोंबण्याचे समर्थन मी करणार नाही.

आता मुख्य मुद्दा, तो दांडीचा. या पिल्लांचा कणा आणि विशेषतः शेपूट अतिशय नाजूक असते. हाताने ओढून दांडीवरून सोडवू गेल्यास शेपटीत कायमची गाठ किंवा वाक राहू शकतो. म्हणूनच अनुभवी पाळणारे पहिल्या वर्षात पिल्लाला हात लावणे शक्य तितके टाळतात आणि टब धुताना दांडीच पिल्लासकट उचलून दुसऱ्या टबात ठेवतात. जो रॅक हे करू देत नाही, ज्याची दांडी टबाला पक्की चिकटवलेली आहे किंवा बाहेर काढताना वरच्या फळीला अडकते, तो कितीही देखणा असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. दांडी पिल्लाच्या अंगाएवढी किंवा किंचित बारीक, म्हणजे ५-६ मिलिमीटर जाडीची पुरते. एक उबेजवळ आणि एक उबेपासून दूर, अशा दोन दांड्या असाव्यात, म्हणजे निवड पिल्लाला करता येते.

येथे सर्वत्र मिळणारा सहा क्वार्टचा, जोड्यांच्या खोक्याएवढा टब सुमारे १२ सेंटिमीटर उंच असतो आणि सुरुवातीला तो पुरेसा होतो. दांडी मात्र इतकी खाली बसवावी, की वेटोळ्याचा माथा टबाच्या काठाच्या बराच खाली राहील. पिल्लू काठावर चढून बसलेले असताना टब आत ढकलला, तर काठ आणि फळी यांच्यामध्ये ते चिरडते. झाकण नसलेल्या रॅकची ही एक भीती. दुसरी भीती फटीची, कारण पेन्सिलीएवढ्या जाडीचे पिल्लू आपल्याला दिसणारही नाही अशा फटीतून निसटते. त्यामुळे पहिले काही महिने मी घट्ट झाकणाचे टब साध्या फळ्यांच्या रॅकवर ठेवणे पसंत करतो. एका वेळी दहा ते पंचवीस अंडी निघत असल्याने रोज तितकी झाकणे उघडण्याचा कंटाळा येतो, हे खरे, तो सोसावा.

ऊब तळातून नव्हे, मागच्या बाजूने द्यावी, कारण दांडीवरचे पिल्लू तळाला टेकतच नाही. मागच्या दांडीपाशी २९-३० अंश सेल्सिअस आणि पुढच्या बाजूला २५-२६ अंश असा फरक मिळाला पाहिजे. थर्मोस्टॅटवर खर्च करताना हात आखडू नये. केवळ चालू-बंद होणाऱ्यापेक्षा वीजपुरवठा कमी-जास्त करणारा चांगला. संपूर्ण रॅकची ऊब बहुधा थर्मोस्टॅटच्या एकाच प्रोबवर, म्हणजे तापमान टिपणाऱ्या तारेच्या टोकावर चालते, तो जागेवरून सुटला तर ऊब देणारी विजेची पट्टी (हीट टेप) तापतच राहते आणि इतक्या लहान टबातील हवा फार लवकर तापते. शिवाय वरच्या ओळी खालच्यांपेक्षा उबदार राहतात, म्हणून पिल्ले ठेवण्यापूर्वी प्रत्येक ओळीचे तापमान स्वतंत्रपणे मोजावे.

ओलाव्यामुळे सामग्रीचाही विचार करावा लागतो. संध्याकाळी फवारणी करावी आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टब जवळजवळ सुकावा, असा क्रम या सापांना मानवतो. सततच्या ओलीने श्वसनाचे विकार होतात, तर कोरडेपणाने कात तुकड्यांत निघते. मेलामाइनचा भुसा-फळीचा रॅक स्वस्त पडतो, पण कडेने पाणी शिरले की फुगतो आणि टब अडकू लागतात. अडकलेला टब हिसका देऊनच ओढावा लागतो आणि त्या हिसक्याने बिचकलेले पिल्लू खाणे नाकारते. पीव्हीसीचा रॅक महाग असला तरी हा त्रास देत नाही. पहिली कात टाकल्यानंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, पिल्लाला उंदराचे नुकतेच जन्मलेले पिल्लू चिमट्याने द्यायचे असते, तेव्हा टब पारदर्शक असावा आणि रॅकसमोर निवांत बसण्याइतकी जागा असावी.

पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांना एक वेगळे उत्तर द्यावे लागते. अंगणात सापडलेले हरणटोळाचे पिल्लू टबात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, तेव्हा ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे. आणि परदेशी साप असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीची कागदपत्रे रॅकच्या आधी पाहावीत.

पिल्लू नियमित खाऊ लागले आणि रंग बदलू लागला, की पुढच्या बाजूने उघडणाऱ्या प्रशस्त पिंजऱ्याची तयारी सुरू करावी. त्या वेळीही दांडी जुनीच न्यावी आणि पिल्लू स्वतःहून जाड फांदीवर सरकेपर्यंत ती काढू नये.