पासवर्डांची आवराआवर

जून २०२५ मध्ये '१६ अब्ज पासवर्ड फुटले' ही बातमी आली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर ती एकापाठोपाठ वेगवेगळ्या मथळ्यांनी येऊन पडली. जगाची लोकसंख्या ८ अब्ज धरली तर माणशी दोन पासवर्ड, तान्ह्या बाळांसकट. आकडा ऐकूनच भुवई उंचावायला हवी. सविस्तर वाचलं तर कुठल्याही एका कंपनीच्या सर्व्हरवर दरोडा पडलेला नव्हता. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड उचलणारे व्हायरस असतात, त्यांना इन्फोस्टीलर म्हणतात. त्यांनी जमवलेला माल आणि जुन्या गळत्यांच्या याद्या यांची बेरीज करून तो आकडा आला होता, आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजलेलीही होती. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत आकडा मथळ्यात असतो आणि खुलासा सातव्या परिच्छेदात.

तरी त्या बातमीचे उपकार मानते. माझं पासवर्ड आवरायचं काम बरेच दिवस 'या रविवारी करू'मध्ये अडकलं होतं, ते त्या निमित्ताने सुरू झालं. एका रविवारात अर्थातच संपलं नाही.

सुरुवात यादीपासून. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जपलेले पासवर्ड दिसतात, तिथून बरीच खाती सापडली. उरलेली शोधायला मेलमध्ये 'वेलकम', 'व्हेरिफाय' असे शब्द टाकून वर्षानुवर्षं मागे गेले. एकदाच काहीतरी मागवलेली दुकानं, एक पीडीएफ उतरवण्यासाठी उघडलेली खाती, बंद पडलेल्या फोटो साइट्स. यादी शंभरीच्या पुढे सहज गेली. त्यातली निम्मी तरी बंदच करायची होती आणि तेच सगळ्यात जिकिरीचं निघालं. खातं उघडायला दोन क्लिक, बंद करायला मदत विभागाला मेल लिहा, कारण सांगा, मग 'आम्हाला तुमची आठवण येईल' असलं लाडिक उत्तर झेला. काही ठिकाणी बंद करण्याची सोयच नव्हती. तिथे मी नाव, पत्ता, जन्मतारीख जमेल तितकं पुसलं, भलामोठा पासवर्ड ठोकला आणि पुढे गेले.

मग धाकट्या भावाला बसवलं आणि 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट उघडली. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या गळतीत सापडला ते ती सांगते. माझा पत्ता बऱ्याच याद्यांत होता. याचं दुःख करण्यात अर्थ नाही, जुना ईमेल वापरणाऱ्या कुणाचाही असेल. तिथेच पासवर्ड तपासायचीही सोय आहे. मी टाइप करायला लागले तसा भाऊ ओरडला, "ताई, वेडी आहेस का? स्वतःहून त्यांना पासवर्ड देतेस?"

प्रश्न रास्त होता. पण तो पासवर्ड साइटकडे जातच नाही. ब्राउझर आपल्याच मशीनवर त्याचा हॅश काढतो, म्हणजे त्यावरून ठरावीक लांबीची अक्षरांची एक माळ तयार करतो, आणि तिची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवतो. साइट त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे तिच्याकडचे सगळे हॅश परत धाडते आणि जुळतंय का ते आपलाच ब्राउझर बघतो. हे ऐकल्यावर भावाने त्याचा लाडका पासवर्ड टाकून पाहिला. क्रिकेटपटूचं नाव आणि जर्सीचा नंबर. तो हजारोंनी वापरलेला निघाला. "म्हणजे हे फक्त मलाच सुचलं नव्हतं तर," एवढंच म्हणाला आणि गप्प बसला.

पासवर्डची चोरी पासवर्डइतकीच जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायची सोय झाली, तेव्हा प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला मिळणारा वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर लॉगिन करायला लागला. तेव्हापासून साठ वर्षं आपण तेच करतोय.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डमागे तिजोरीसारखे जपणारं ॲप, निवडताना मात्र मी चांगलीच घुटमळले. सगळं एका ठिकाणी ठेवायचं म्हणजे ते ठिकाणच फुटलं तर? ही भीती हवेतली नाही. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रत चोरीला गेली होती. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे होते, पण कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. बरेच जण यावरून 'मॅनेजर नकोच' असा निष्कर्ष काढतात. मी तो काढला नाही. तिजोरी चोराच्या हाती पडली तरी ती उघडते मुख्य पासवर्ड ओळखला तरच. म्हणजे सगळा भार त्या एका पासवर्डवर, आणि एक पासवर्ड नीट करणं माणसाला जमण्यासारखं आहे. शंभर जमत नाहीत. शेवटी बिटवॉर्डन घेतला, कारण त्याचा प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणालाही वाचून तपासता येतं आणि फोन व कॉम्प्युटर दोन्हीकडे चालतो. ज्यांना आपली तिजोरी दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोच आहे त्यांच्यासाठी कीपासएक्ससी आहे. त्यात सगळं एका फाइलमध्ये राहतं आणि ती फाइल सांभाळण्याची जबाबदारी पूर्ण आपली.

मुख्य पासवर्डसाठी डाइसवेअरची पद्धत वापरली. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ती मांडली: ७,७७६ शब्दांची यादी, पाच फासे टाकायचे, येईल त्या आकड्यासमोरचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात २ वर २३ शून्यं एवढ्या. मूळ यादी इंग्रजी आहे आणि मला ते शब्द लक्षात राहीनात. म्हणून जाडजूड मराठी शब्दकोश काढला, पान आणि त्या पानावरचा कितवा शब्द हे दोन्ही फाशांवर सोडलं. माझे शब्द अर्थातच सांगणार नाही, पण 'पन्हाळ, गुळमुळीत, वखार, ठिगळ' अशा जातीचे निघाले. यात नियम एकच, आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. आवडीनिवडी आल्या की फाशांचा उपयोग संपला.

घोळ झाला तो रोमन लिपीत. देवनागरी अक्षरं सगळीकडे चालत नाहीत, त्यामुळे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. मग 'वखार'चा व म्हणजे व्ही की डब्ल्यू? 'खा'ला ए एक की दोन? चॅटवर आपण एकच शब्द रोज वेगळा लिहितो आणि कुणाचं काही अडत नाही. इथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दार बंद. शेवटी एका कागदावर नियम लिहिला, व म्हणजे नेहमी व्ही आणि ए कायम एकच, मग तो दहा-बारा वेळा टाइप करून बोटांना लावून घेतला.

त्यानंतर खाती, आणि त्यात सगळ्यात आधी ईमेल. बँकेआधी. घरातल्या सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात ती खुंटी म्हणजे ईमेल. 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर बोट ठेवलं की प्रत्येक साइट तिथेच लिंक पाठवते. बाकी सगळीकडे कितीही भक्कम पासवर्ड ठेवा, ईमेल गेला की सगळं गेलं. ही पूर्ण आवराआवर करताना माझं एक मत पक्कं झालं: लोक पासवर्डच्या ताकदीवर नको इतकं बोलतात आणि खातं परत मिळवायच्या वाटेकडे कुणी बघत नाही. माझ्या ईमेलला परतीचा पत्ता म्हणून मागच्या नोकरीचा ऑफिसचा ईमेल होता, जो नोकरी सोडल्या दिवशीच बंद झालेला. फोन नंबर होता तो जुना. सोडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, म्हणजे माझ्या सगळ्या डिजिटल संसाराची एक वाट कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकली असती. सेटिंगमधलं हे पान बहुतेकांनी खातं उघडल्या दिवसानंतर पाहिलेलंच नसतं. आणि सुरक्षा प्रश्न? शाळेचं नाव, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. याची उत्तरं आपणच फोटोखाली लिहीत असतो. मी तिथे मॅनेजरने बनवलेली निरर्थक अक्षरं भरली. एका साइटच्या मते माझी शाळा आता सोळा अक्षरी आहे आणि त्यात दोन टक्क्याची चिन्हं आहेत.

पुढची पायरी टू-फॅक्टरची, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची. एसएमएस कोड काहीच नसण्यापेक्षा खूप बरा, पण २०१८ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटमध्ये शिरलेल्यांनी कर्मचाऱ्यांचे एसएमएस कोडच मध्ये अडवले होते. म्हणून जिथे सोय होती तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावलं, ते हे कोड फोनवरच दाखवतं. भावाची समजूत अशी की ते कोड इंटरनेटवरून येतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्याला दाखवलं, कोड दर ३० सेकंदांनी बदलतच होता. क्यूआर स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. ती आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून कोड निघतो आणि तेच गणित साइटही करते. त्यामुळे नेट नसलं तरी चालतं, पण फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर कोड नाकारला जातो. याच वेळी साइट बॅकअप कोड देते. ते छापून घ्यायचे. फोन हरवल्यावर तेच कामी येतात, आणि त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवले असतील तर नाहीत.

मधल्या काळात साइट्सनी डोकं उठवलं. एकीला पासवर्ड पेस्ट केलेला चालेना, हाताने टाइप करा. एकीची कमाल मर्यादा बारा अक्षरं. एकीने लांब पासवर्ड निमूट घेतला, शेपूट गुपचूप कापली आणि पुढच्या लॉगिनला पूर्ण पासवर्ड चुकीचा ठरवला. एक मोठं, एक लहान, एक अंक, एक चिन्ह हा नियम तर सगळीकडे. या आणि अशा नियमांचं मूळ २००३ च्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीने, म्हणजे तीच मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने, कारण नसताना ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून ती अट काढली. माणसं दर वेळी शेवटचा आकडा एकने वाढवतात, हे सगळ्यांना दिसत होतंच.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनात किंवा कॉम्प्युटरमध्ये राहणारी डिजिटल किल्ली. तिच्याबद्दल भाऊ फार उत्साहात होता. "आता पासवर्ड संपले, कशाला एवढी मेहनत घेतेस?" पासवर्ड संपणार हे भाकीत बिल गेट्स यांनी २००४ मध्येच केलं होतं, त्यामुळे मी जरा सबुरीने घेते. तरी या वेळी वस्तू खरी आहे. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये मिळून ती पुढे आणायचं जाहीर केलं. यात साइटकडे आपलं गुपित राहतच नाही. तिच्याकडे फक्त पडताळणीची सार्वजनिक किल्ली असते, ती चोरून काही साधत नाही. शिवाय पासकी मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब नकली पान समोर आलं तरी ती तिथे चालतच नाही. फिशिंगवर, म्हणजे असल्या नकली पानांवर पासवर्ड काढून घेण्यावर, याहून चांगला उतारा सामान्य माणसाच्या हातात अजून आलेला नाही. माझी कुरकुर वेगळी आहे. पासकी एका कंपनीच्या फोनात साठल्या की दुसऱ्या कंपनीचा फोन घेणं जड जातं. त्या इकडून तिकडे नेण्याच्या नियमांचा मसुदा पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, म्हणजे कुलूप आधी आलं आणि घर बदलायची सोय दोन वर्षांनी. मी ईमेलला आणि मोजक्या खात्यांना पासकी लावल्या, त्याही बिटवॉर्डनमध्येच.

बाबांकडे वळले तेव्हा त्यांनी टेबलावर वही ठेवली. प्रत्येक खात्याला एक पान, जुना पासवर्ड काट मारून खाली नवा. "अगं, तुझ्या त्या ॲपला कोणी हॅक केलं तर? माझी वही हॅक करायला घरात यावं लागेल."

याला उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच सांगितलं होतं की कठीण पासवर्ड ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. माणसाला कागदाचे तुकडे सांभाळण्याची सवय असते. मी वहीला हात लावला नाही. फक्त त्यांच्या ईमेलचे परतीचे पत्ते तपासले, एकसारखे असलेले पासवर्ड वेगळे केले आणि बॅकअप कोड वहीच्या मागच्या कव्हरला चिकटवले. माझाही मुख्य पासवर्ड व नियमाचा कागद आता बंद पाकिटात त्यांच्याच कपाटात आहे. मला काही झालं तर घरच्यांना वाट हवी.

ब्राउझरमधून पासवर्ड बाहेर काढताना सीएसव्ही फाइल तयार होते, त्यात सगळं साध्या अक्षरांत उघडं असतं. मॅनेजरमध्ये भरून झाल्यावर ती डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही उडवा, आणि डाउनलोड फोल्डर क्लाउडला जोडलेलं असेल तर तिथूनही. मग ब्राउझरमधली जपलेली यादी रिकामी करा, नाहीतर इन्फोस्टीलरसाठी ती तिथे आहेच.

ऑफिसचा दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम अजून तसाच आहे. एनआयएसटीचा संदर्भ देऊन मी आयटीला मेल लिहिला, 'धोरण आहे' असं उत्तर आलं. त्यामुळे तो पासवर्ड आता दर तिमाहीला बिटवॉर्डन बनवतो आणि तो काय आहे ते मला ठाऊकही नसतं.