रेषेची लाल बाजू

त्या ताऱ्याचं मॅग्नेशियम अजून डोक्यातून जात नाही.

भुसावळला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. उरलेल्या वेळात चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणीचे जुने वर्णपट (ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून केलेल्या नोंदी) युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या खुल्या संग्रहातून उतरवून घेतो. ते कोणालाही फुकट मिळतात. तरी 'दुर्बीण नाही तर कसलं खगोलशास्त्र' म्हणणारे प्राध्यापक आहेतच.

आम्ही बघतो मॅग्नेशियम हायड्राइड या रेणूच्या तीन रेषा, ५१३५ ते ५१४० अँगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक) यांमधल्या. मॅग्नेशियमची तीन समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाची रूपं, असतात: २४, २५ आणि २६. मॅग्नेशियम-२४ मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांत लवकर तयार होतं. जुन्या वायूत २५ आणि २६ मुख्यतः मध्यम वस्तुमानाच्या ताऱ्यांकडून येतात, आणि त्या ताऱ्यांना म्हातारं व्हायला दहा-वीस कोटी वर्षं लागतात. म्हणजे जड मॅग्नेशियम किती, यावरून तारा जन्मला तिथला वायू घाईत समृद्ध झाला की सावकाश, ते कळतं. सूर्यमालेत २४, २५ आणि २६ यांचं प्रमाण ७९:१०:११ आहे. या ताऱ्यात लोह सूर्याच्या विसाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे त्याचा वायू फारसा समृद्ध झालेला नव्हता; तेव्हा जड मॅग्नेशियम फारच कमी हवं होतं.

त्या दुपारी यावलची एक विद्यार्थिनी रेषा जुळवत होती. एकदम घरच्या बोलीत म्हणाली, "सर, हाई काय शे?"

जड समस्थानिकाची रेषा सुटी दिसत नाही. मुख्य रेषेचा लाल बाजूचा उतार किंचित फुगतो, एवढंच. इथे तो चांगलाच फुगला होता. त्या पट्ट्यात कार्बन रेणूच्या रेषाही घुसलेल्या असतात, म्हणून तिने तिन्ही रेषा वेगवेगळ्या जुळवल्या. मग अखंड वर्णपटाची, म्हणजे रेषांमधल्या मोकळ्या प्रकाशाची, पातळी अर्धा टक्का खाली-वर करून पाहिली. आकडा हलला, पण फुगवटा गेला नाही. इतक्या चिकाटीने काम करणारी मुलगी पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या आणि प्रवेशाच्या फॉर्मांत अडकते, याचा मला राग येतो.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. "जोडीदार ताऱ्याने ओतलेला माल असेल, सोडा." पण वेगवेगळ्या वर्षांच्या वर्णपटांत ताऱ्याचा वेग तोच आहे; जोडीदार असता तर त्याच्या ओढीने तो बहुधा बदलता दिसला असता. शिवाय गाया या युरोपियन अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून त्याची कक्षा लांबट निघते: आकाशगंगेच्या केंद्राजवळून थेट बाहेर, पुन्हा आत. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या आणि २०१८ मध्ये ओळख पटलेल्या गाया-एन्सेलॅडस या बटू दीर्घिकेचे तारे असेच फिरतात. हा तिथलाच असेल, तर त्या दीर्घिकेत तारे सावकाश जन्मत होते.

बेरियम मात्र मोजायचं राहिलंय. म्हाताऱ्या जोडीदाराने ओतलेल्या मालात ते भरपूर असतं; म्हणून ते बेसुमार निघालं, तर जोडीदाराचीच शक्यता मोठी. ४५५४ आणि ६१४१ अँगस्ट्रॉमच्या रेषा तिने काढून ठेवल्यात. परीक्षा संपल्या की बसणार आहोत.