वेळेआधी आलेले हाड

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी १९ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. फिल्म काढून डॉक्टरांकडे द्यायची, एवढेच आमचे काम; निदान सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि तो नसावा हे मलाही पटते. तरीही गेल्या जूनमधला एक सोमवार मनातून जात नाही.

जांभळाच्या झाडावरून पडलेल्या ७ वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी निखळलेले कोपर हाडवैद्याने ओढून बसवले होते आणि वर लेप लावून घट्ट पट्टी बांधली होती. सांधा त्याने खरोखरच जागेवर आणला होता, हे मान्य केले पाहिजे.

लहान मुलाच्या कोपराची बाजूने फिल्म काढणे हे कसबाचे काम आहे. कोपर काटकोनात, अंगठा वर, आणि खांदा, कोपर, मनगट तिन्ही एका पातळीत हवीत. आजींना शिशाचा ॲप्रन घालून स्टुलावर बसवले आणि मुलाला त्यांच्या मांडीवर घेतले, तेव्हा कुठे त्याचा दंड टेबलावर सपाट टेकला. घाईत तिरपी फिल्म काढून ‘चालेल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मूल रडत नव्हते. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट चड्डीला सारखे घासत होते.

ओपीडीत शंभरावर रुग्ण आणि डॉक्टर एकटे. त्यांनी फिल्म पाहिली, मोड नाही असे लिहिले आणि हात झोळीत ठेवायला सांगितले. आजी औषधांच्या खिडकीपाशी गेल्या, आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळण्याआधी पडद्यावरची फिल्म पुन्हा पाहिली.

मुलाचे कोपर म्हणजे मोठ्यांच्या कोपराची लहान आवृत्ती नव्हे. त्याचा बराचसा भाग अजून कूर्चेचाच असतो आणि कूर्चा फिल्मवर उमटत नाही; तिच्यात ६ ठिकाणी ठरावीक क्रमाने हाड तयार होऊ लागते आणि तेवढे ठिपके तरंगल्यासारखे दिसतात. दंडाच्या हाडाच्या आतल्या बाजूचा उंचवटा साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी दिसू लागतो. त्याच्या शेजारच्या कप्पीसारख्या गोलाईतला ठिपका त्यानंतर, आठव्या वर्षाच्या आसपास. वर्षे मागेपुढे होतात, पण या दोघांचा क्रम सहसा बदलत नाही. या फिल्मवर कप्पीच्या जागी ठिपका होता आणि उंचवट्याची जागा रिकामी होती. पुढच्या हाताचे स्नायू त्या उंचवट्याला धरून असतात; कोपर निखळताना त्यांनी तो उपटला होता आणि सांधा बसताना तो आत अडकला होता. करंगळीकडे जाणारी नसही त्याच्याच मागून जाते.

“आजी, पाच मिनिटं थांबा. बाळाचा दुसरा हातही बघायचाय,” मी म्हणालो.

“अहो भाऊ, तो हात चांगला आहे त्याचा.”

चांगला होता म्हणूनच हवा होता. चिठ्ठीवर नसलेली फिल्म काढली की मासिक तक्त्यात खुलासा द्यावा लागतो, आणि तुलनेसाठी काढलेल्या फिल्मचा रकाना त्या तक्त्यात आजही नाही. त्या हाताच्या फिल्मवर उंचवटा जागच्या जागी होता आणि कप्पीत काहीच नव्हते. दोन्ही फिल्म शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवल्या. क्षणभर त्यांचा चेहरा कठोर झाला. मग त्यांनी स्वतः उठून मुलाची करंगळी टोचून पाहिली आणि जिल्ह्याला फोन लावला. तिथे दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून तो तुकडा बाहेर काढला आणि तारेने जागेवर बसवला.

पूर्वीच्या फिल्म रुग्ण घरी नेत, त्या आता पाहता येत नाहीत. संगणक आल्यापासूनच्या मात्र जपलेल्या आहेत, आणि काम संपले की मी ६ ते १० वर्षांच्या मुलांची कोपरे एकेक करून उघडतो. गेल्या आठवड्यात एका फिल्मपाशी थांबलो. वय ८, कप्पीत ठिपका आहे. पण उंचवटा जागेवर आहे की नाही ते कळत नाही, कारण फिल्म तिरपी आहे. ती मीच काढलेली आहे.