पाचशे चौरस फुटांची करमाफी

आमचे घर चारशे तीस चौरस फुटांचे आहे. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला, तेव्हा निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माझ्या आईला किती हायसे वाटले ते मी पाहिले आहे, आणि त्या दिलाशाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. तरीही ही माफी ज्या रीतीने दिली गेली, ती मला योग्य वाटत नाही.

मालमत्ता कराच्या जुन्या देयकावर सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, पथकर, वृक्ष उपकर, महापालिका शिक्षण उपकर असे घटक वेगवेगळे मांडलेले असत. आपला पैसा कोणत्या कामासाठी घेतला जातो, हे सामान्य माणसाला त्या कागदावर वाचता येत असे. २०१९ मध्ये लहान घरांना केवळ सर्वसाधारण कराची सूट मिळाली होती. २०२२ मध्ये उरलेले सारे घटकही गेले. सुमारे १६ लाख घरांच्या या माफीमुळे महापालिकेचे वर्षाला अंदाजे ४१७ कोटींचे आणि राज्याचे ४५ कोटींचे उत्पन्न बुडेल, असे तेव्हा सांगण्यात आले. २०२२-२३ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटींचा होता, म्हणजे महापालिकेचे हे नुकसान त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. एवढ्याने शहर बुडत नाही, हे मान्य करायलाच हवे.

माझी काळजी वेगळी आहे. वर्षाला सुमारे सात हजार कोटी देणारी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली आणि तिच्या जागी राज्याकडून दरमहा नुकसानभरपाई येऊ लागली. पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता. ही भरपाई दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते हे खरे, परंतु नाक्यावर रोज स्वतः वसूल केलेला पैसा आणि मंत्रालयातून येणारा हप्ता यांत स्वायत्ततेचा फरक आहे. जकात गेल्यावर महापालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्य कर उरला तो मालमत्तेचा, आणि त्यालाच कात्री लागली.

शिवाय माफीचा निकष क्षेत्रफळाचा आहे. परळच्या टोलेजंग इमारतीतील पावणेपाचशे फुटांचे, कोट्यवधींचे घर करमुक्त होते, आणि मानखुर्दमधील सहाशे फुटांच्या घरातले कुटुंब कर भरत राहते. २०१० पासून कराची आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर, होत असताना सूट मात्र फुटांवर मोजावी, याचे समर्थन मला सापडत नाही. जकातीप्रमाणे या माफीचीही भरपाई राज्याने द्यायला हवी होती, किंवा २०१९ ची मर्यादित सूटच कायम ठेवायला हवी होती.

आई महापालिकेच्या शाळेत शिकली आणि पुढे तशाच शाळेत तिने शिकवले. करमुक्तीचा आनंद ओसरल्यावर ती एवढेच म्हणाली, "शिक्षण उपकर तरी ठेवायचा होता, तेवढा मी भरला असता."