शकुंतलेच्या रुळांवरून: मूर्तिजापूर ते अचलपूर

मूर्तिजापूर जंक्शनला उतरलो आणि आधी शकुंतलेचे, म्हणजे आता बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या शकुंतला गाडीचे, रूळ शोधले. गवत बाजूला सारून उभा राहिलो, एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर. अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. एवढ्याशा वाटेवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरला जायचा. गंमत बघा, या मार्गावरचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेलं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली, मग डिझेल आलं.

हा मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातला. त्यासाठी १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि गाड्या चालवायचं काम जीआयपीकडे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे दिलं. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, सुमारे ७६. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, तरी या रुळांची मालकी खासगीच राहिली. मार्गाची जी आबाळ झाली तिचं मूळ मला तरी इथेच दिसतं. मालक एक, चालवणारा दुसरा, मग डागडुजीचा खर्च कोणी करायचा?

मी अचलपूरचा फाटा धरला. गाडी बंद असल्याने एसटीनेच जावं लागतं: मूर्तिजापूर-दर्यापूर, मग अंजनगाव सुर्जी, मग परतवाडा. परतवाडा-अचलपूर ही जोडगावं आहेत. सगळी स्थानकं एका दिवसात उरकायला जाऊ नका. मी तीच चूक केली आणि दर्यापूर नुसतं धावतं पाहिलं. त्यापेक्षा मधलं एकच स्थानक घ्या आणि दोन तास थांबा.

माझे दोन तास गेले कापूसतळणीला. नावातच कापूस! रुळांमध्ये बाभळी मांडीएवढ्या जाड झाल्यात. सावलीत एक आजोबा बसले होते. म्हणाले, "मानूस उतरून शेतात जाये अन् धावत येऊन परत बसे, एवढी सावकाश गाडी." अतिशयोक्ती असेलही, पण ७६ किलोमीटरला जवळपास चार तास लागायचे हे खरं. गार्डच तिकिटं फाडायचा. एसटीपेक्षा भाडं कितीतरी कमी, म्हणून मजुरांना, बाजाराला निघालेल्या बायांना हीच गाडी परवडायची. ती बंद पडल्याची झळ आजोबांच्या बोलण्यात अजून जाणवते, आणि मलाही ती लागली.

अंजनगावला पानमळे जरूर पाहा. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला तो याच गावी. अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर. रेल्वेच्या दप्तरी स्थानकाचा संकेत अजून त्यावरूनच, ईएलपी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. उन्हाळ्यात वऱ्हाडचं ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. गवतात सापाची भीती असते, म्हणून पायात उंच बूट आणि हातात काठी हवी. पाणी सोबत घ्या. रूळ अजून रेल्वेच्या हद्दीत आहेत, तेव्हा आवारात शिरण्याआधी विचारा, आणि खिळा-पट्टी आठवण म्हणून उचलू नका. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरल्याउतरल्याच विचारून ठेवा. परतवाड्याला मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदरा गाठता येतं.