चालतंय ना, मग करता काय?

‘चालतंय ना व्यवस्थित? मग एवढी वर्षं त्यात करता तरी काय?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत चुलत सासऱ्यांनी विचारलाय, कॉलेजातल्या मुलांनी विचारलाय आणि एकदा तर माझ्याच मॅनेजरने.

मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एनएफएसवर, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमवर, काम करते. दुसऱ्या मशीनवरच्या फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरायची ही सोय. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ साली बनवली. तिसरी आवृत्ती १९९५ची, चौथी २०००ची, आणि या दोन्ही आजही जोरात चालू आहेत. मी त्यात नवीन फारसं काही घालत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जगभरातली माणसं सतत काही ना काही बदलत असतात. त्यांच्या बदलामुळे कालपर्यंत चालणारं कुणाचं काही आज बंद पडू नये, हे बघायचं.

देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसा एनएफएसमध्येही असतो. क्लायंटने (फाइल वापरणाऱ्या मशीनने) फाइल मागितली की सर्व्हर (जिथे फाइली असतात ते मशीन) त्याला एक फाइल हँडल देतो. त्यावर काय लिहिलंय ते क्लायंटने वाचायचं नाही, नुसतं जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी दाखवायचं. दुसऱ्या आवृत्तीत हा बिल्ला बरोबर ३२ बाइटांचा होता, तिसरीत ६४पर्यंत, चौथीत १२८पर्यंत. गंमत अशी, की तिसऱ्या आवृत्तीपर्यंत स्टँडवाला वहीच ठेवत नाही. कुणाला कुठला बिल्ला दिला हे त्याला आठवत नाही, तरी सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर जुना बिल्ला चालला पाहिजे. म्हणून सगळी ओळख बिल्ल्यावरच असते: कुठली फाइल सिस्टिम, कुठला आयनोड (डिस्कवर फाइलची नोंद असलेला क्रमांकाचा कोनाडा) आणि त्या आयनोडची कितवी पिढी. पिढी कशाला? तर फाइल पुसली की तिचा आयनोड नंबर दुसऱ्या फाइलला मिळू शकतो. कोनाडा तोच, चप्पल दुसऱ्याची.

हे मी फटका खाऊन शिकले. एका शिक्षणसंस्थेत सर्व्हर सांभाळत होते तेव्हा जागा कमी पडते म्हणून एक डिस्क वाढवली. रीबूट झाल्यावर डिस्कांचा क्रम बदलला, आणि आमच्या त्या जुन्या सर्व्हरवर बिल्ल्यातली ओळख डिस्कच्या डिव्हाइस नंबरावरून ठरत होती. लॅबमधल्या झाडून सगळ्या मशीनवर ‘स्टेल फाइल हँडल’, म्हणजे बिल्ला शिळा झाला. फाइली जागच्या जागी होत्या, पण एकही बिल्ला चालेना. एक्सपोर्टच्या यादीत, म्हणजे काय काय बाहेर वापरायला द्यायचं त्या यादीत, एफएसआयडी (फाइल सिस्टिमचा ठरवून दिलेला क्रमांक) लिहिला असता तर हे टळलं असतं. तो मी लिहिला नव्हता. आता बहुतेक फाइल सिस्टिमा यूयूआयडीवरून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून, ओळखल्या जातात, त्यामुळे हा प्रसंग कमी येतो.

तरी लिहिलेले नियम पाळणं सोपं. छळतात ते न लिहिलेले. लाखभर फाइलींची डिरेक्टरी एका दमात वाचता येत नाही, म्हणून वाचताना मध्ये खूण ठेवावी लागते. लिनक्सची ईएक्सटी४ नावाची फाइल सिस्टिम ही खूण फाइलच्या नावाच्या हॅशवरून, म्हणजे नावातून गणिताने काढलेल्या आकड्यावरून, बनवते. हॅश ३२ बिटांचा होता तेव्हा मोठ्या डिरेक्टरीत दोन नावांची खूण कधीकधी एकच निघायची, क्लायंट फिरून त्याच जागी यायचा आणि एलएसची (फाइलींची नावं दाखवणाऱ्या कमांडची) यादी संपायचीच नाही. २०१२ साली ६४ बिटांच्या मशीनवर खूणही ६४ बिटांची केली. एनएफएसवाले खूश. पण ग्लस्टरएफएस एक डिरेक्टरी अनेक सर्व्हरांवर पसरून ठेवतं, आणि खुणेचे वरचे बिट रिकामेच असतात म्हणून त्यांत ते आपल्या सर्व्हरचा क्रमांक कोंबत होतं. ते बिट भरले आणि तीच न संपणारी यादी आता तिकडे सुरू झाली. हे बिट रिकामे राहतील असं वचन कुणी कुठेच दिलं नव्हतं, त्यामुळे माझा कौल ईएक्सटी४च्या बाजूने. पण ज्याच्या स्क्रीनवर यादी संपत नाहीये त्याला हे ऐकवून काय उपयोग? शेवटी ग्लस्टरने आपली मांडणी बदलली.

‘मग जुनं काहीच टाकत नाही का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. टाकतो की! एनएफएस पूर्वी यूडीपीवर, म्हणजे पोच न घेता पाकिटं पाठवायच्या पद्धतीवर, चालायचं. मोठं पाकीट तुकडे करून जातं, आणि कुठला तुकडा कुठल्या पाकिटाचा हे १६ बिटांच्या क्रमांकावरून ओळखतात, म्हणजे क्रमांक ६५,५३६च. आठ केबीचं एक पाकीट धरलं तर ५१२ एमबी पाठवल्यावर क्रमांक पुन्हा पहिल्यापासून. गिगाबिट नेटवर्कवर याला पाचेक सेकंद लागतात, आणि लिनक्स अर्धवट आलेल्या पाकिटाचे तुकडे ३० सेकंद सांभाळून ठेवतं. म्हणजे जुन्या पाकिटाचा तुकडा नव्याला चिकटू शकतो. चेकसम, म्हणजे पाकिटाबरोबर येणारा पडताळणीचा आकडा, हे बहुतेक वेळा पकडतो. बहुतेक वेळा! एरवी फाइल गुपचूप बिघडते आणि कुणाला पत्ता लागत नाही. २०२०च्या ५.६ कर्नलपासून लिनक्सच्या क्लायंटमध्ये हा रस्ता मुळातच बंद असतो, हवा असेल तर मुद्दाम उघडावा लागतो. ओरडणारे ओरडले असतील. मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

चौथ्या आवृत्तीत स्टँडवाला वही ठेवतो, कुणी कुठली फाइल उघडली, कुणी ती लॉक करून अडवून ठेवली ते लिहून, त्यामुळे माझी तपासणीही बदलली. नवा कर्नल आला की क्लायंटवर एक फाइल उघडून तिला लॉक लावते, दर सेकंदाला तिच्यात एक क्रमांक लिहून लगेच डिस्कवर पोचवणारी स्क्रिप्ट सुरू करते आणि सर्व्हर रीबूट करते. क्रमांक थांबतात. सर्व्हर परत उठला की एरवी ९० सेकंद नवीन गिऱ्हाईक घेत नाही, जुन्यांनी येऊन आपापली लॉक मागून घ्यायची असतात. तेवढ्यात मी चहा टाकते. कप घेऊन येते तोवर स्क्रिप्ट पुन्हा धावायला लागलेली असते. मग मी वर सरकवत जाऊन जिथे थांबली होती ती जागा शोधते. ४१२. त्याच्या खाली ४१३.