आराखड्यात झाडे शेवटी

बागेचा आराखडा काढायला पहिल्यांदा बसलो तेव्हा मी कागदावर सर्वांत आधी झाडे काढली आणि ती चूक पुढे दोन वर्षे निस्तरत राहिलो. फुलांच्या रंगांची जुळवाजुळव झाल्यावर उरलेल्या जागेतून काटकोनात वळणारी एक रेखीव पायवाट आखली होती. प्रत्यक्षात घरातले कोणीही त्या काटकोनातून गेले नाही. दारापासून मागच्या नळापर्यंत जो तो हिरवळ तिरकी ओलांडून जाई, त्यामुळे काही महिन्यांतच तेवढ्या रेषेवरचे गवत मरून माती उघडी पडली. मी कुंड्या मांडून वाट अडवून पाहिली, तर लोक कुंड्यांना वळसा घालू लागले. शेवटी हार मानून त्या तिरक्या पट्ट्यावरच फरशा बसवल्या, आणि आज बागेत पाऊल टाकताच नजर ज्या रेषेवरून आत जाते, ती हीच.

तेव्हापासून मी आधी कामांची यादी करतो: कपडे कुठे वाळतील, पालापाचोळा कुठे कुजेल, झारी भरून किती पावले चालावे लागेल. मापे त्यातूनच ठरत जातात. दोन माणसांना बोलत शेजारून चालायचे असेल तर वाट सुमारे १२० सेंटिमीटर रुंद हवी. एकट्याला ६० पुरतात, मात्र हातगाडी न्यायची असल्यास ९० तरी ठेवावेत. भाजीचा वाफाही १२० सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नये, कारण तेवढ्यात दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवून माती दाबली जात नाही.

आधुनिक बाग म्हटले की राखाडी फरशी, सरळ रेषा आणि मोजकी झाडे डोळ्यांसमोर येतात; पण हा साधेपणा उपयोगातून आलेला नसेल तर तो केवळ ओकाबोका दिसतो. नेदरलँड्समधील उद्यानरचनाकार मीन राउस (१९०४–१९९९) यांचे काम मला म्हणूनच पटते. त्यांनी देदेम्सफार्ट येथे प्रयोगबागा उभारल्या, रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बागेत आणले आणि काटेकोर भौमितिक रेषांच्या आत झाडांना मोकळेपणी वाढू दिले. (जुन्या स्लीपरांना बहुधा क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावायचे विषारी डांबरी तेल, लावलेले असते, तेव्हा भाजीच्या वाफ्याला त्यांची कड करण्याचा मोह टाळावा.)

सर्वाधिक वेळ द्यावा तो पाण्याला, कारण फरशी एकदा बसली की पाण्याची चूक सुधारणे फार जड जाते. बसण्याच्या जागेला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला साधारण दीड सेंटिमीटर उतार द्यावा; तो डोळ्यांना जाणवत नाही, पण भिंतीशी पाणी साचत नाही. जमिनीचा निचरा पाहायचा असेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तिथे वाफे उंचावर घ्यावेत किंवा ओल सोसणारी झाडेच निवडावीत. फरशीवरून वाहणारे पाणी गटारात सोडण्याऐवजी अशाच झाडांच्या उथळ खोलगटाकडे वळवले, तर एक सुंदर कोपरा जवळजवळ आपोआप तयार होतो.

झाडांची पाळी एवढे सगळे झाल्यावर येते. तेव्हा रोपाचा आजचा आकार न पाहता पूर्ण वाढीचा घेर कागदावर काढावा, आणि वीस जातींचे एकेक रोप आणण्यापेक्षा पाच-सहा जाती पुन्हा पुन्हा लावाव्यात. सुरुवातीला मधली जागा रिकामी दिसते. तिथे पाच-सात सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते, तणही कमी होते.

नळाजवळचा हातभर तुकडा मी अजून मोकळाच ठेवला आहे. आराखड्यात तिथे एक शोभेचे झुडूप होते. आता नळीचे वेटोळे आणि झारी असते, आणि संध्याकाळी पाणी घालून झाल्यावर बूट धुवायला उभे राहण्याची जागाही तीच आहे.